आभाळाच्या राखणीचा हिशेब

१३ मे २०२५ रोजी ओडिशातल्या गोपालपूरच्या समुद्रकाठच्या चाचणी क्षेत्रातून चार छोटी रॉकेटं उडाली. आधी एक, मग आणखी एक, आणि तिसऱ्या खेपेला दोन सेकंदांच्या आत दोन. चारही ठरल्याप्रमाणे गेली. ‘भार्गवास्त्र’ नावाची ही ड्रोनविरोधी यंत्रणा बनवणारी सोलर डिफेन्स अँड एअरोस्पेस ही कंपनी नागपूरची. भारत-पाकिस्तान संघर्ष थांबून त्या दिवशी तीनच दिवस झाले होते. त्या संघर्षात ८ मेच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याची माहिती सरकारने दुसऱ्या दिवशी दिली होती. बहुतेक ड्रोन आपल्या हवाई संरक्षणाची ताकद आणि रडारच्या जागा चाचपायला आले असावेत, नुकसान करण्याचा हेतू त्यानंतरचा.

एवढे ड्रोन पाडायचे कशाने, हा त्या रात्रीचा प्रश्न होता आणि लष्कराने तो सोडवला. हे रोज घडू लागलं तर पाडायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आर्मेनिया, सर्बिया, व्हिएतनाम, पोलंड अशा कितीतरी देशांपुढे तो उभा आहे. या देशांना शेजाऱ्याची भीती आहे, राखायला शहरं, धरणं, वीजकेंद्रं आहेत, पण अमेरिकेसारखं बजेट नाही. भारत आकाराने मध्यम नव्हे. तरी आपल्या सीमा इतक्या लांब आणि राखायच्या जागा इतक्या की एकेका जागेच्या वाट्याला येणारा पैसा मध्यम देशाइतकाच उरतो. त्यामुळे त्यांचा हिशेब तो आपलाही हिशेब आहे, आणि तो मांडायला नागपूरसारखी जागा शोधून सापडणार नाही. स्वस्त रॉकेट बनवणारे, जुनी यंत्रं चालू ठेवणारे, स्फोटकांच्या सुरक्षेचे नियम सांभाळणारे आणि हल्ल्यानंतर माणसं वाचवायला शिकवणारे असे चौघेही या एका शहरात आणि त्याच्या आसपास आहेत.

आधी आकडे पाहू. इराणी बनावटीच्या शाहेद-१३६ या आत्मघाती ड्रोनची किंमत साधारण २० ते ५० हजार डॉलर धरली जाते. तो पाडायला अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेतलं पीएसी-३ एमएसई क्षेपणास्त्र वापरलं तर एका क्षेपणास्त्राला सुमारे ४० लाख डॉलर पडतात. हल्लेखोराचा एक रुपया तर बचाव करणाऱ्याचे ८० ते २००. २०२३च्या अखेरपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे ड्रोन पाडताना अमेरिकी नौदलाची क्षेपणास्त्रंही अशीच वीस-वीस लाख डॉलरची होती. ज्वारीच्या राखणीला माचाणावर बसलेला माणूस पाखरं हाकायला गोफण वापरतो, कारण खडे शेतातच मिळतात आणि दिवसभर पुरतात. काडतुसं घेऊन बसला तर दुपारपर्यंत पेटी रिकामी होईल आणि पाखरं तेवढीच राहतील.

यावर एक उत्तर दिलं जातं आणि ते चुकीचं नाही. पाडणाऱ्या क्षेपणास्त्राची किंमत ड्रोनशी ताडू नये, ड्रोन जिथे पडणार होता त्या वस्तूशी ताडावी. वीजकेंद्र वाचत असेल तर ४० लाख डॉलर स्वस्तच. पण हा युक्तिवाद पहिल्या रात्री चालतो. दहाव्या रात्री प्रश्न पैशाचा राहत नाही, साठ्याचा होतो. महागडी क्षेपणास्त्रं वर्षाला काही शेकड्यांत तयार होतात आणि ड्रोन महिन्याला हजारोंनी. म्हणून मध्यम देशाने कोणतीही यंत्रणा घेताना पहिल्या गोळीची किंमत पाहण्याआधी हजारावी गोळी कुठून येणार हे विचारावं, असं मला ठामपणे वाटतं. या विषयातल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्याने झालेल्या आहेत.

पैसा भरपूर असूनही काय होतं ते सौदी अरेबियाने दाखवलं. १४ सप्टेंबर २०१९ रोजी अबकैकच्या तेल प्रक्रिया केंद्रावर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं आदळली आणि देशाचं जवळजवळ निम्मं तेल उत्पादन काही काळ थांबलं. सौदीकडे पॅट्रियट होती. पण ती उंचावरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी, ठरावीक दिशांना तोंड करून लावलेली. हल्ला जमिनीलगत आला.

पैसा बेताचा असताना काय होतं ते आर्मेनियाने भोगलं. सुमारे तीस लाख वस्तीच्या या देशाने सोव्हिएत वळणाचं हवाई संरक्षण जपलं होतं. एस-३०० होती, ओसा होती, कागदावर थर नीट दिसत होते. २७ सप्टेंबर २०२० रोजी अझरबैजानने आर्मेनियाच्या पाठबळावर टिकलेल्या नागोर्नो-काराबाखवर हल्ला चढवला. त्यांनी जुनी अँटोनोव्ह एएन-२ ही दुहेरी पंखांची विमानं बिनवैमानिक करून पुढे पाठवली. ती पाडायला आर्मेनियाच्या रडारनी डोळे उघडले, आणि वर घिरट्या घालत असलेल्या तुर्की बायराक्तार व इस्रायली हारोप ड्रोननी त्या रडारांच्याच जागा टिपल्या. ४४ दिवसांत युद्ध संपलं. आर्मेनियाची यंत्रणा जुनी होती हे खरं, पण त्याहून मोठी उणीव अशी की तिच्या खाली काहीच नव्हतं. छोट्या ड्रोनसाठी तोफांचं आणि स्वस्त रॉकेटांचं जाळं नव्हतं, म्हणून मोठ्या यंत्रणेला स्वतःचं रक्षण स्वतःच करावं लागलं आणि ते तिला जमलं नाही.

त्या पराभवानंतर आर्मेनिया भारताकडे वळला. २०२२ मध्ये त्याने भारताशी ‘पिनाक’ रॉकेट प्रणालीचा आणि ‘आकाश’ या जमिनीवरून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राचा असे करार केले. पिनाकचा आराखडा पुण्याच्या एआरडीई या संस्थेचा, आणि रॉकेटांचं उत्पादन ज्या गावांत होतं त्यांत नागपूरचं नाव ठळक. आकाशचा पल्ला २५ ते ३० किलोमीटर. आकाश बनवायला लागलेला काळही पाहण्यासारखा आहे. भारताचा एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि भूदलात आकाश दाखल झालं २०१५ मध्ये. बत्तीस वर्षं. स्वतः बनवलेलं स्वस्त पडतं, पण ते स्वस्त होईपर्यंत एक पिढी निवृत्त होते. मध्यम देशाकडे बत्तीस वर्षं नसतात. त्याने ज्याच्याकडे कारखाना चालू आहे त्याच्याकडून घ्यावं आणि करारात दुरुस्तीचं व दारूगोळ्याचं काम आपल्या भूमीवर आणण्याची अट घालावी.

जुनं सगळंच टाकाऊ असतं असं मात्र नाही, आणि या बाबतीत युगोस्लाव्हियाचं उदाहरण अजून कुणी मागे टाकलेलं नाही. २७ मार्च १९९९च्या रात्री बेलग्रेडजवळ अमेरिकेचं एफ-११७ हे रडारला न दिसणारं मानलं गेलेलं विमान पडलं. पाडणारी यंत्रणा होती एस-१२५, साठच्या दशकातली. त्या तुकडीचे प्रमुख कर्नल झोल्तान दानी यांचे नियम कडक होते. रडार काही सेकंदच चालू ठेवायचं, विमान सापडलं नाही तर लगेच बंद करायचं, आणि जागा सतत बदलत राहायची. नाटोच्या रडारशोधक क्षेपणास्त्रांना ही तुकडी शेवटपर्यंत सापडली नाही. सरावाला आणि शिस्तीला परदेशी चलन लागत नाही.

हीच एस-१२५ आपल्याकडे ‘पेचोरा’ नावाने ओळखली जाते. तीही सत्तरच्या दशकापासूनची, अनेकदा आयुष्य वाढवून घेतलेली. इथे नागपूरचा संबंध येतो, पण तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वायुसेना नगरात हवाईदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. विमानं, रडार, क्षेपणास्त्रं, त्यांचे सुटे भाग आणि मोठ्या दुरुस्त्या हा सगळा पसारा या कमांडच्या अखत्यारीत चालतो. नाशिकजवळच्या ओझरचा बेस रिपेअर डेपो त्यातलाच एक. हवाई संरक्षणाच्या खरेदीवर लिहिताना वर्तमानपत्रं कराराचा आकडा छापतात. पण यंत्रणा तीस-चाळीस वर्षं चालते, आणि त्या काळात सुटे भाग, तपासण्या, आयुष्य संपत आलेल्या इंधनाची अदलाबदल, प्रशिक्षण यांवरचा खर्च मूळ किमतीच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सुट्या भागांसाठी आपले किती हाल झाले ते हवाईदलातल्या त्या पिढीला पाठ आहे. म्हणून खरेदी समितीत दुरुस्ती करणारा माणूस पहिल्या दिवसापासून असावा. विक्रेत्याला नेमका कुठला प्रश्न अडचणीचा ठरतो हे त्यालाच ठाऊक असतं.

आता कान आणि डोळे. तोफ कितीही चांगली असो, कुठे पाहायचं ते तिला कुणीतरी सांगावं लागतं. मे २०२५ मध्ये आपल्या जुन्या तोफांनी ड्रोन पाडले त्याचं बरंचसं श्रेय ‘आकाशतीर’ या जाळ्याला आहे. वेगवेगळ्या रडारांनी पाहिलेलं एका चित्रात आणायचं आणि कोणत्या तुकडीने काय पाडायचं ते सांगायचं, हे त्याचं काम. मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी झालेला हा करार १,९८२ कोटींचा होता. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीशी ‘अश्विनी’ या खालून उडणारी लक्ष्यं टिपणाऱ्या, गाडीवरून हलवता येणाऱ्या रडारांसाठी २,९०६ कोटींचा करार झाला. दोन्ही मिळून पाच हजार कोटींच्या आत. ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाशी झालेला एस-४००च्या पाच स्क्वाड्रनचा करार ५.४३ अब्ज डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे चाळीस हजार कोटींचा. आठव्या हिश्शात कान-डोळे येतात आणि त्यांच्यामुळे बाकी प्रत्येक तोफेची किंमत वसूल होते.

युक्रेनने याहून स्वस्त मार्ग काढला. शाहेदचं इंजिन मोटारसायकलीसारखं धडधडतं. ते ऐकणारे मायक्रोफोन खांबांवर बसवून त्यांनी देशभर जाळं विणलं. एक संवेदक ४०० ते ५०० डॉलरचा, आणि असे जवळपास दहा हजार. युरोपातल्या अमेरिकी हवाईदलाचे तेव्हाचे प्रमुख जनरल जेम्स हेकर यांनी २०२४ मध्ये सांगितलं होतं की या सगळ्या जाळ्याचा खर्च पॅट्रियटच्या दोनेक क्षेपणास्त्रांपेक्षा कमी आहे. ड्रोन कुठून कुठे चालला हे त्यातून कळतं आणि ट्रकवर मशीनगन घेतलेली माणसं वाटेत जाऊन उभी राहतात. सहा तासांच्या प्रशिक्षणात हे काम शिकवता येतं असंही तेव्हा सांगण्यात आलं. मोबाइल टॉवर गावोगाव असलेल्या कोणत्याही मध्यम देशाला हे करता येईल. रडार घ्यायला रांग लागते, मायक्रोफोनला लागत नाही.

तोफांचं पुनरागमन हा या दशकातला मोठा धडा आहे. आपल्याकडची एल-७० ही स्वीडनच्या बोफोर्सची ४० मिलिमीटरची तोफ साठच्या दशकात आली. तिचा पल्ला साडेतीन-चार किलोमीटर. मध्यंतरी ती भंगारात काढायच्या गप्पा होत्या. मग तिला दिवसाचा कॅमेरा, रात्री दिसणारा थर्मल कॅमेरा, लेझरने अंतर मोजणारं यंत्र आणि गोळ्याचा वेग मोजणारं रडार जोडलं गेलं, आणि ड्रोनच्या रात्री तीच कामाला आली. जर्मनीने युक्रेनला दिलेल्या गेपार्ड गाड्यांचीही तीच कथा. जर्मन सैन्याने निवृत्त केलेल्या या दोन नळ्यांच्या ३५ मिलिमीटर तोफा शाहेदविरुद्ध फार उपयोगी ठरल्या. पण त्यांच्या गोळ्या स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या, आणि युद्ध चालू असलेल्या देशाला त्या पुढे द्यायला स्विस सरकारने परवानगी नाकारली. तोफा उभ्या, गोळ्या अडकलेल्या. शेवटी राइनमेटाल कंपनीने जर्मनीत ३५ मिलिमीटरच्या गोळ्यांचं उत्पादन नव्याने सुरू केलं आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये पहिली खेप निघाली. म्हणून तोफेच्या निवडीत मी तोफेपेक्षा गोळ्याच्या कारखान्याला जास्त गुण देईन. नळी घासली तर बदलता येते, गोळा दुसऱ्याच्या मर्जीवर असेल तर तोफ शोभेची.

इथून पुन्हा भार्गवास्त्राकडे. त्याची मांडणी या सगळ्या धड्यांनंतरची आहे. रडार ६ ते १० किलोमीटरवरचा छोटा ड्रोन टिपतं, कॅमेरे आणि उष्णतेचे संवेदक तो पक्का करतात. पहिला थर दिशानियंत्रण नसलेल्या छोट्या रॉकेटांचा. त्यांचा पल्ला अडीच किलोमीटर आणि फुटल्यावर वीस मीटरच्या परिघातलं निकामी करण्याची क्षमता. थवा आला तर एकेका ड्रोनवर नेम धरत बसायचं नाही, त्याच्या वाटेत लोखंडाचा पाऊस पाडायचा. त्यातून निसटलेल्यांसाठी दुसरा थर, नेम धरून जाणारं छोटं क्षेपणास्त्र. दिशानियंत्रणाचा मेंदू हाच क्षेपणास्त्राचा महागडा भाग असतो, आणि तो पहिल्या थरातून काढून टाकल्यामुळे रॉकेट स्वस्त झालं. यामागचा विचार मला फार पटतो.

तरी मर्यादा मोजून पाहाव्यात. ताशी १८५ किलोमीटरने येणारा शाहेदसारखा ड्रोन सेकंदाला ५१ मीटर कापतो. सहा किलोमीटरवर दिसला तर लक्ष्यापर्यंत त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि रॉकेटांच्या टप्प्यात तो जेमतेम ४९ सेकंद असतो. एका लाँचरवर साठच्या वर रॉकेटं बसतात असं सांगितलं जातं. एका ड्रोनमागे दोन धरली तर तीसेक ड्रोन, त्यानंतर पुन्हा भरणं आलं. आणि क्षेत्रफळ? अडीच किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे १९.६ चौरस किलोमीटर. नागपूर महापालिकेची हद्द २२७ चौरस किलोमीटरच्या आसपास. नुसता भागाकार केला तरी बारा यंत्रणा लागतात, आणि वर्तुळं एकमेकांवर चढवावी लागतात म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त. शहराबाहेरची कोराडी, खापरखेडा, मौद्याची वीजकेंद्रं यात आलेलीच नाहीत. म्हणजे भार्गवास्त्र शहर राखणारं अस्त्र नव्हे. धावपट्टी, दारूगोळ्याचं कोठार, वीजकेंद्राचं रोहित्रांचं आवार, मोठ्या क्षेपणास्त्राचं रडार अशा एकेका जागेसाठी ते आहे. आर्मेनियाच्या एस-३००च्या पायाशी २०२० मध्ये असंच काहीतरी हवं होतं.

त्यातून पुढचा अवघड प्रश्न येतो. काय राखायचं आणि काय देवावर सोडायचं? राजकारणी हा प्रश्न टाळतात, कारण उत्तर जाहीर केलं की उरलेल्या गावांचे लोक विचारणार, आमचं काय? पण मध्यम देशाला यादी करावीच लागते. आपलं शहर सीमेपासून शेकडो किलोमीटर आत आहे हा दिलासाही आता पुरत नाही. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनचे ड्रोन रशियात हजार किलोमीटरहून आत, तातारस्तानातल्या येलाबुगापर्यंत पोचले. १ जून २०२५ रोजी तर ट्रकमध्ये लपवलेले ड्रोन सैबेरियातल्या विमानतळाशेजारी उघडले गेले आणि रशियाची बॉम्बफेकी विमानं जळाली. देशाच्या मध्यावर असण्याची ढाल ट्रकमधून आलेल्या ड्रोनला लागू नाही.

जॅमर आणि लेझर यांवर मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्याबद्दल गरजेपेक्षा जास्त लिहिलं गेलंय. जॅमर घ्यावेतच, ते स्वस्त आहेत आणि बाजारात मिळणाऱ्या ड्रोनवर चालतात. पण काचेच्या तंतूची रीळ उलगडत उडणारे ड्रोन २०२४ पासून युक्रेनच्या आघाडीवर दिसू लागले, आणि त्यांना जॅम करायला लहरीच नसतात. लेझरच्या एका माऱ्याचा खर्च जवळजवळ विजेच्या बिलाइतकाच. डीआरडीओने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलला ३० किलोवॉटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवला. धूळ, धुकं आणि पावसाळी ढग यांत लेझरची ताकद विरते, आणि आपल्याकडे या तिन्हींतलं काही ना काही वर्षाचे आठ महिने असतं. ते जोडीला ठेवावं, त्याच्यावर विसंबू नये. ड्रोनला धडकून पाडणारे छोटे ड्रोन मात्र वेगळे. युक्रेनमध्ये ते काही हजार डॉलरना बनतात आणि रोज बदलतात. हा थर येत्या काही वर्षांत तोफेच्या जोडीला पक्का बसेल असा माझा अंदाज आहे.

मग उंच पल्ल्याची क्षेपणास्त्रं घेऊच नयेत का? घ्यावीत, पण थोडी आणि शेवटी. ९ ऑगस्ट २०२५ रोजी हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग यांनी बंगळुरूत सांगितलं की मे महिन्याच्या संघर्षात पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडलं गेलं, त्यातलं मोठं विमान सुमारे ३०० किलोमीटरवरून. पाकिस्तानने ते नाकारलं. पण दूरचा पल्ला शत्रूच्या विमानांना लांब उभं राहायला लावतो हे वादातीत आहे, आणि ते काम तोफेला कधीच जमणार नाही. अडचण पुरवठ्याची. एस-४००च्या पाच स्क्वाड्रनपैकी तीन आल्यावर युक्रेन युद्धामुळे उरलेल्या दोनचं वेळापत्रक कोलमडलं. स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये पॅट्रियटच्या पाच यंत्रणा मागवल्या आणि २०२५च्या जुलैत अमेरिकेने कळवलं की आधी युक्रेनची गरज भागवायची आहे, तुम्हाला थांबावं लागेल. जगातल्या श्रीमंत देशाची रांगेत ही जागा, तर बाकीच्यांची कुठे असेल? मध्यम देशाच्या हवाई संरक्षणाच्या शंभर रुपयांतले तीसपेक्षा जास्त या वरच्या थरावर जाऊ नयेत, असं माझं मत. निम्मे तरी कान-डोळे, तोफा, छोटी रॉकेटं आणि त्यांचा दोन-तीन महिने पुरेल असा साठा यांवर जावेत. उरलेले दुरुस्तीला आणि सरावाला. असं वाटप सहसा दिसत नाही, कारण संचलनात तोफेच्या गोळ्यांची पेटी मिरवता येत नाही.

साठा म्हटला की कारखाना, आणि कारखाना म्हटला की विदर्भ. अंबाझरीची आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची, भद्रावतीची चांदा निर्माणी, वर्धा जिल्ह्यातलं पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार. सीमा लांब आणि देशाच्या चारही बाजूंना रेल्वे जाते, म्हणून सरकारने हे सगळं इथे वसवलं. खासगी कारखाने मात्र कोळशामुळे आले. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात, खाणींना रोज स्फोटकं लागतात, आणि सत्यनारायण नुवाल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या सोलर इंडस्ट्रीजचा पाया त्याच धंद्यावर उभा राहिला. खाणीचं प्रचंड, रोजचं गिऱ्हाईक असल्यामुळे कच्चा माल, रसायनज्ञ आणि कामगार यांचा खर्च तिथे आधीच निघतो. मग त्याच समूहातून हातबॉम्ब, पिनाकची रॉकेटं, ‘नागास्त्र’ हा आत्मघाती ड्रोन आणि आता भार्गवास्त्र निघालं. नागास्त्र आणि भार्गवास्त्र एकाच समूहाने बनवावं हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. हल्ला करणारा ड्रोन किती पैशांत बनतो हे ज्याला आतून माहीत आहे, त्याला अडवणारं अस्त्र किती पैशांत बसलं पाहिजे हेही त्याला माहीत असतं. मध्यम देशाने स्वतःकडे पाहताना हेच शोधावं. आपल्याकडे कोळशाच्या, चुनखडीच्या किंवा तांब्याच्या खाणी आहेत का? असतील तर स्फोटकांचा धंदा आहे, आणि तो असेल तर छोट्या रॉकेटांचा कारखाना निम्मा उभा आहे.

या स्वस्ताईची एक किंमत कुठल्याच निविदेत येत नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी अमरावती रस्त्यावरच्या बाजारगावात सोलरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले, त्यांतल्या सहा बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले. ३१ मे २०१६च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागली तेव्हा ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान आणि अधिकारी परतले नाहीत. खासगी असो की सरकारी, आभाळ राखणारा दारूगोळा भरणारे हात कोंढाळी, काटोल, भंडारा, पुलगावच्या गावांतले आहेत. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालयही नागपुरातच आहे, म्हणजे नियम लिहिणारे आणि जीव गमावणारे शेजारशेजारच्या जिल्ह्यांत राहतात. संघर्ष पेटला की मागणी वाढते, पाळ्या वाढतात, आणि घाई हीच स्फोटकांच्या कारखान्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट. एका रॉकेटची किंमत ठरवताना यंत्राने भरण्याची सोय, इमारतींमधलं सुरक्षित अंतर, कंत्राटी कामगाराचं प्रशिक्षण आणि त्याचा विमा हे त्यात धरलेलं नसेल तर ती किंमत खोटी आहे. ती भरली गेली आहे, फक्त दुसऱ्याने. परदेशी गिऱ्हाइकानेही हे विचारलं पाहिजे, कारण स्फोटाने बंद पडलेला कारखाना युद्धाच्या मध्यावर कुणाचीच मागणी पुरवू शकत नाही.

शेवटचा थर न पाडता वाचण्याचा. कितीही यंत्रणा लावल्या तरी शंभरातले पाच-दहा ड्रोन आत येणारच, आणि ते आल्यावर काय होतं यावर नुकसान ठरतं. फिनलंडमध्ये ५५ लाख लोकवस्तीसाठी सुमारे पन्नास हजार निवारे आहेत आणि त्यांत ४८ लाख माणसं मावतात. ते शाळांच्या, घरांच्या तळघरांत बांधकामाबरोबरच होत गेले, म्हणून परवडले. २०२२च्या ऑक्टोबरपासून रशिया वीजकेंद्रांवर तुटून पडल्यावर युक्रेनने रोहित्रांभोवती दगडांनी भरलेल्या जाळ्यांच्या आणि काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या. थेट धडक त्या सगळीकडे अडवू शकल्या नाहीत, पण शेजारी फुटलेल्या ड्रोनच्या ठिकऱ्यांपासून कित्येक रोहित्रं वाचली. मोठं रोहित्र नव्याने मागवायला वर्ष-दोन वर्षं लागतात, भिंत स्थानिक कंत्राटदार महिन्यात बांधतो.

हल्ल्यातून वाचणं शिकवणारी संस्था नागपुरात १९५७ पासून आहे. केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था म्हणून ती सुरू झाली, १९६८ मध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत सामावली आहे. पूर, भूकंप, रसायनगळती यांचं प्रशिक्षण देत तिने मोठं काम केलं. पण मूळ हेतू, हवाई हल्ल्यात शहर चालू ठेवणं, हा मधल्या शांततेच्या दशकांत मागे पडला. भोंगे कुठे वाजतात, दवाखान्यांचे जनरेटर किती तास चालतात, कोराडीचं रोहित्र गेलं तर शहराला पाणी कोणत्या पंपाने चढवायचं, याची उत्तरं महापालिका, महापारेषण आणि जिल्हा प्रशासनाने एकत्र बसून काढायची आहेत. त्यासाठी लागणारी माणसं, नकाशे आणि अनुभव याच शहरात आहेत. कोराडी आणि खापरखेड्याच्या रोहित्रांभोवती भिंती घालायचा खर्च कुणी अंदाजपत्रकात मांडला, तर तो भार्गवास्त्राच्या एका तुकडीपेक्षा बराच खाली येईल, आणि कामाला पावसाळ्यानंतर लगेच सुरुवात करता येईल.